मनगटाचं कारण

दुसऱ्या फेरीची घंटा झाली तेव्हा योगिता आपल्या पायांनी चालत कोपऱ्यात आली. पुढं कितीतरी दिवस सोमेश्वर ज्याला त्याला हेच सांगत राहिला. ती सरळ चालत आली, तोल गेला नाही, आपला लाल कोपरा ओळखून आली, स्टुलावर बसली आणि माउथगार्ड काढून घ्यायला स्वतःहून तोंड उघडलं. याउपर माणसानं काय बघायचं असतं?

अंबाजोगाईत एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये बॉक्सिंगची विभागीय निवड चाचणी होती. एरवी नवरा-नवरी उभे राहतात त्या स्टेजवर पंचांची टेबलं लावली होती आणि खाली मधोमध रिंग. मुलींच्या चोपन्न किलोची ही शेवटची लढत. जिंकेल ती चार महिन्यांसाठी पुण्याच्या शिबिराला जाणार होती. समोरची पोरगी उंच, हात लांब. पण योगितानं पहिल्याच फेरीत त्या हातांच्या खालून आत शिरायची वाट शोधली होती. दोन्ही फेऱ्या तिच्याच. सोमेश्वरला कुणी गुण सांगायची गरज नव्हती, समोरच्या कोपऱ्यातल्या माणसाचं उतरलेलं तोंडच सांगत होतं. तिसरी फेरी नुसती पाय हलते ठेवून काढली असती तरी भागलं असतं.

सोमेश्वर पाटोद्याचा. सतरा वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून घरी आला, तो बॉक्सिंगचं वेड सोबत घेऊन. गावातल्या शहादेव अण्णांनी आपलं कापसाचं जुनं गोदाम त्याला वापरायला दिलं. अण्णा बागायतदार, दोनदा जिल्हा परिषदेला उभे राहिलेले. तालुक्याचं नाव कशानं का होईना पेपरात यावं एवढीच त्यांची अपेक्षा. त्या गोदामात सोमेश्वरनं सात वर्षं पोरं घडवली आणि त्या सगळ्यांत योगिता एक वेगळीच निघाली. गावापासून चार किलोमीटरवरच्या वस्तीवरची ही पोर. बाप आश्रुबा मेंढपाळ, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गंगथडीला, गोदावरीच्या काठाला, जायचा तो मिरगाच्या तोंडावर परत यायचा. मागं आई मनकर्णा, शेळ्या आणि चालू न शकणारी कोकरं. लहानपणापासून मेंढरांमागं पळून योगिताचे पाय असे तयार झाले होते की सोमेश्वरला ते शिकवावेच लागले नाहीत. आता ती कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती.

तर त्या मिनिटात झालं ते असं. सोमेश्वरनं तिचं माउथगार्ड काढून घेतलं, तोंडावर पाणी मारलं आणि तिसऱ्या फेरीत काय करायचं ते सांगायला लागला. लांब राहा, उजवीकडं फिर, मारामारीत पडू नको. योगिता त्याच्याकडं बघत होती. मग हळूच म्हणाली, "सर, मला न्हाई जायचं."

त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. समोरच्या पोरीच्या गावची माणसं हलगी घेऊन आली होती आणि हॉलच्या पत्र्याखाली तिचा आवाज दुप्पट होत होता. तो आणखी जवळ वाकला.

"काय?"

"मला न्हाई जायचं आता."

"लागलं का कुठं?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग कावून?"

तिचे ओठ हलले. घरी जायचंय असं काहीतरी पुटपुटल्यासारखं त्याला वाटलं, पण तेवढं त्याला नक्की ऐकू आलं नाही.

फौजेत असताना अशाच एका मिनिटात सोमेश्वरनंही आपल्या उस्तादापुढं हात जोडले होते. उस्तादानं काही न बोलता कानाखाली एक ठेवून दिली आणि उचलून आत ढकललं. ती लढत तो जिंकला, त्या पदकावर त्याला नाईकाची फीत मिळाली. हा किस्सा त्यानं गोदामातल्या पोरांना शंभर वेळा सांगितला असेल. योगितालाही.

दहा सेकंद उरल्याची शिटी झाली. त्याचा हात वर गेला होता. तो तिला मारायला गेला होता की तिच्या खांद्यावर ठेवायला, हे त्याला नंतरही नीट सांगता आलं नाही. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. भीती असती तर त्यानं तिला आत ढकललंच असतं, भीतीवरचं औषध त्याला ठाऊक होतं. रडूही नव्हतं. एस.टी. स्टँडवर बसलेलं माणूस भलत्याच गावाच्या गाडीकडं बघत बसावं, तशी ती बघत होती. त्यानं हात खाली घेतला, दोरापाशी गेला आणि पंचाला ओरडून सांगितलं, "मनगट दुखावलंय. आमी माघार घेतोय."

मनगट का सुचलं, तेही त्याला कळलं नाही. पाटोद्याची पोर घाबरून पळाली असं कुणी म्हणू नये, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं.

रिंगजवळचे डॉक्टर आले. त्यांनी ग्लोव्ह काढायला लावला, मनगट दाबलं, फिरवलं आणि दुखतं का विचारलं. योगिता म्हणाली, नाही. डॉक्टरांनी सोमेश्वरकडं पाहिलं. सोमेश्वर म्हणाला, ती सांगत नसती साहेब, लई सोसती. डॉक्टरांनी पट्टी बांधून दिली आणि ते पुढच्या लढतीकडं वळले. त्यांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली नाही की आज वार कोणता ते विचारलं नाही. मनगटासाठी कोण डोळे तपासतं?

समोरच्या पोरीचा हात वर झाला, हलगी आणखी जोरात वाजली. तिच्या कोपऱ्यातला युवराज हा सोमेश्वरच्याच पलटणीतला जुना दोस्त. त्यानं येऊन हात मिळवला आणि कानाजवळ म्हणाला, "काय बे सोमा, जिंकलेली लढत कावून दिलीस?"

परतीला तानाजीची जीप होती. तानाजी कॉलेजात शिपाई, पण जीव सगळा गोदामात. लढतीला बादली, टॉवेल आणि गाडी यांची जबाबदारी त्याची. केजला ते चहाला थांबले. ऊन अजून बरंच होतं. योगितानं चहाचा कप डाव्या हातात धरला होता आणि उजव्या मनगटावरच्या पट्टीकडं बघत होती. मग तिनं सरळ विचारलं, "सर, माझं मनगट तर जरा बी दुखत न्हाई. मला काढलं कावून?"

सोमेश्वरला वाटलं, तानाजी बसलाय म्हणून ती नाटक करतेय. एका अर्थी त्याला बरंच वाटलं. पोर हुशार आहे, खोटं कसं पेलायचं ते तिला कळतं. तो म्हणाला, असू दे, नंतर बोलू. पण तानाजी पैसे द्यायला उठला तशी ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज फुटला होता. दोन फेऱ्या मी जिंकले होते ना सर? मग?

"तूच म्हणलीस, जायचं न्हाई म्हणून."

"मी? मी कवा म्हणले?"

ती त्याच्याकडं अशी बघायला लागली, जणू त्यानंच काहीतरी चोरलंय. सोमेश्वरच्या हातातला चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी गावात दोन गोष्टी पसरल्या. एक, योगिताचं मनगट धडधाकट आहे. ती सकाळी वस्तीवर आडातून पाण्याच्या घागरी ओढत होती, लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. आणि दुसरी, समोरच्या कोपऱ्यात सोमेश्वरचा पलटणीतला दोस्त होता. या दोन्हींची बेरीज करायला पाटोद्याच्या बाजारात फार वेळ लागला नाही. शहादेव अण्णांनी सोमेश्वरला बोलावून घेतलं. अण्णा आवाज चढवत नसत. त्यांनी चहा दिला, घरची विचारपूस केली आणि मग म्हणाले, पोरीनं माझ्या पुढ्यात बसून सांगितलं, की सरांनी मला इचारलं सुद्धा न्हाई. आता तुमी सांगा.

सोमेश्वरला खरं सांगता आलं असतं. पण खरं सांगितलं की पोरगी भेकड ठरत होती आणि वर खोटारडी. त्यानं मान खाली घालून मनगटच सांगितलं. अण्णा म्हणाले, बरं.

घरी बायको अंजनाला मात्र त्यानं सगळं सांगितलं. अंजना ग्रामीण रुग्णालयात नर्स होती. तिनं भाजी निवडता निवडता ऐकलं आणि शेवटी एकच विचारलं, तिला दुसऱ्या फेरीत डोक्याला मार बसलेला का. सोमेश्वर आठवायला लागला. बसला होता. फेरी संपायच्या जरा आधी कानशिलावर एक डावा ठोसा आला होता, हेडगार्डवर. योगितानं डोळे मिटले, उघडले आणि उलटे दोन मारले. असे ठोसे दर लढतीत बसतात.

"अहो, ती इसरली असली तर डोक्यामुळं इसरली," अंजना म्हणाली. "आन तुमी डॉक्टरला मनगट दाखवलंत."

एवढं बोलून ती भाजी घेऊन उठली. सोमेश्वर तिथंच बसून राहिला. आतापर्यंत त्याला वाटत होतं, आपण पोरीची इज्जत राखली. ज्या मिनिटाला तिचे डोळे तपासायला माणूस हजर होता, बॅटरी खिशात होती, त्याच मिनिटाला आपण त्याच्या हातात भलतंच मनगट दिलं, हे त्याला आत्ता उमगत होतं. पण मग दुसरा विचार यायचा. ती विसरलीच नसेल तर? घाबरली, आणि आता लाज वाटून नाही म्हणत असेल तर? एकोणीस वर्षांची पोर. त्या वयात आपण काय काय नाकबूल केलं होतं, ते त्याला चांगलं आठवत होतं.

तानाजीच्या मोबाईलवर कुणीतरी लढतीचा व्हिडिओ पाठवला होता. दोघांनी गोदामात बसून तो वीस-पंचवीस वेळा पाहिला. योगिता स्टुलावर बसते, सोमेश्वर वाकतो, तिचे ओठ हलतात. आवाज सगळा हलगीचा. "बोलली तर हाय," तानाजी म्हणायचा, "पर काय बोलली ते काय कळंना." तो खाली बादलीपाशी होता, त्यालाही काही ऐकू आलं नव्हतं. म्हणजे त्या मिनिटाचा साक्षीदार सोमेश्वर एकटाच. आणि व्हिडिओ जितक्या वेळा पाहावा तितकं त्याला वाटायला लागलं, की आपणही काय ऐकलं ते तपासून घ्यायला हवं.

चौथ्या दिवशी तो आणि अंजना योगिताला आणि मनकर्णाला घेऊन पुन्हा अंबाजोगाईला गेले, मोठ्या दवाखान्यात. तिथं त्यानं पहिल्यांदा दुसऱ्यांसमोर खरं सांगितलं. मनगटाला काही झालं नव्हतं, ते मी मनानं सांगितलं, पोरगी स्वतः नाही म्हणाली होती. योगिता शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होती. तिनं मध्येच तोडून म्हटलं, "मी न्हाई म्हणले." मनकर्णानं तिच्या हातावर हात ठेवला.

डॉक्टर तरुण होते, घाई करणारे नव्हते. त्यांनी योगिताला सगळं क्रमानं सांगायला लावलं. तिला दुसरी फेरी आठवत होती, कानशिलावरचा ठोसा आठवत होता, स्टूल आठवत होतं, तोंडावरचं पाणी आठवत होतं. त्याच्या पुढं एकदम सर दोराला धरून ओरडतायत. मधलं काही नाही. डोक्याचं स्कॅनिंग झालं, त्यात काही आलं नाही. सोमेश्वरनं सुटकेचा श्वास सोडला, तर डॉक्टर म्हणाले, फोटो चांगला आला म्हणजे काही झालंच नाही असं समजू नका. मार फोटोत दिसत नाही आणि तरी असतो. सोमेश्वरनं विचारलं, मग ती विसरली हे खरं का? डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, असं मिनिटभराचं विसरणं होऊ शकतं. माणसं नको असलेलं पण विसरतात. बाहेरून बघून मला सांगता येणार नाही. कागदावर त्यांनी विश्रांती लिहिली, आणि डोकं दुखणं, गरगरणं काही नसेल तर हळूहळू सराव. किती दिवस, ते लिहिलं नाही.

तो आकडाच तर सोमेश्वरला पाहिजे होता. पोरगी नॉकआउट झाली असती, तर नियमानंच तिचे ग्लोव्ह महिनाभर बंद झाले असते. मनगटाच्या माघारीला तसा काही नियम नव्हता. आणि तीन आठवड्यांवर विद्यापीठाची निवड आली होती, संभाजीनगरला. तिच्या फॉर्मवर प्रशिक्षकाची सही लागत होती, आणि सही म्हणजे ही मुलगी लढायला ठीक आहे, असं सोमेश्वरनं लिहून देणं.

तो दोन-तीनदा वस्तीवर गेला. योगिता शेळ्यांकडं गेलेली असताना त्यानं मनकर्णाला विचारलं, घरी ती काही विसरते का, वेगळी वागते का. मनकर्णा विचारात पडली. परवा कोकरांना दोनदा पाणी दाखवलं म्हणाली. पण ती लहानपणापासून अशीच, पुस्तकात डोकं असलं की भाकरी करपवते. डोकं दुखतंय म्हणते. पण थंडीत तिचं डोकं दरसाल दुखतं. झोप? झोप लई, पर आता उठवायला कोण बसलंय तिला पाचला पळायला? सोमेश्वरला प्रत्येक उत्तर दोन्हीकडून लागू होत होतं.

मग मनकर्णानं त्याला आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना ती चुलीकडं बघत होती.

"सर, म्या लढतीच्या सकाळी फोन केलता. रडले व्हते म्या. म्हणलं, पोरी, तू चार महिने पुण्याला गेलीस, तुझा बाप तिकडं गंगथडीला, मी एकली हितं कशी राहू. ती म्हणली, आई, रडू नको, बघते मी." मनकर्णानं पदरानं तोंड पुसलं. "म्या तिला जाऊ नको म्हणले न्हाई सर. नुसतं रडले."

हे ऐकून सोमेश्वर उठला, तो मोटारसायकल चालू करायचं विसरून ढकलतच रस्त्यापर्यंत आला. म्हणजे कारण कानशिलाचा ठोसा नव्हताच. पोरगी आईसाठी उठलीच नाही, आणि आईवर बोल येऊ नये म्हणून काही आठवत नाही म्हणते. घरी जायचंय, असं ती पुटपुटली होती ते म्हणूनच. सगळं जागेवर बसलं. अर्ध्या वाटेत त्याच्या ध्यानात आलं, की ज्याच्या डोक्याला मार बसलाय ते माणूसही घरीच जायचं म्हणतं.

फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी योगिता गोदामात आली. केस घट्ट बांधलेले, ट्रॅकसूट धुतलेला. तिनं फॉर्म पुढं केला. डोकं दुखत नाही, गरगरत नाही, काल पाच किलोमीटर पळून आले, असं तिनं एका दमात सांगितलं. गोदामात दुसरं कुणी नव्हतं. सोमेश्वरनं पेन काढलं, टोपण उघडलं आणि तसाच थांबला. रात्रंदिवस त्यानं यावर विचार केला होता आणि त्याला एकच वाट सापडली होती. ती त्याला फार हुशारीची वाटत होती.

तो म्हणाला, "योगिता, तू त्या दिवशी न्हाई म्हणलीस, हे तुला आठवत असलं तर सांग. मी रागवणार न्हाई, कुणाला बोलणार न्हाई, आत्ता सही करतो. आन खरंच आठवत नसलं, तर मग ते डोक्याचं हाय. मग मी सही करणार न्हाई."

योगितानं त्याच्या हातातल्या उघड्या पेनाकडं पाहिलं. बाहेर रस्त्यानं ट्रॅक्टर गेला.

"आठवतंय," ती म्हणाली. "म्हणले व्हते मी."

"काय म्हणली व्हतीस?"

"मला न्हाई जमणार, असं म्हणले."

सोमेश्वरनं पेन कागदावर टेकवलं. जमणार, की जायचं? जायचं म्हणाली होती. नक्की? त्यानं ही गोष्ट बायकोला, डॉक्टरांना, स्वतःला इतक्या वेळा सांगितली होती, कधी 'जायचं नाही', कधी 'जात नाही', की आता त्या हॉलमधला तिचा खरा आवाज कानात येईना, फक्त आपला सांगण्याचा आवाज येई. आणि शब्द चुकला म्हणून काय? माणसाला अर्थ आठवतो, शब्द आठवत नाही. किंवा मग तिनं सहीसाठी जे लागेल ते उच्चारलं. तिला पुढचा दरवाजा एकच दिसत होता, आणि त्याची किल्ली त्यानंच तिच्या हातात दिली होती. आपण प्रश्न असा विचारलाय, की खरं आणि खोटं दोन्ही एकाच तोंडानं बाहेर येणार, हे त्याला पेन धरल्यावर कळलं.

त्यानं तिच्या डोळ्यांत पाहिलं. डोळे साफ होते, ओलसर होते. त्यातून त्याला काहीही कळलं नाही.

"मी सही करत न्हाई," तो म्हणाला.

ती हादरली. "पर तुमी म्हणलात..."

"म्हणलो. चुकलं माझं. तू खरं बोलतीस का न्हाई, मला वळखता येईना. येत न्हाई तवर मी तुला आत धाडू शकत न्हाई."

योगितानं फॉर्म काढून घेतला, घडी केली आणि निघाली. दाराशी वळून ती म्हणाली, आणि हे ती अगदी शांतपणे म्हणाली, "दोन्हीकडून मलाच अडकवलंत सर."

ती गेल्यावर सोमेश्वरनं ठरवलं असं काही नाही. तो टेबलाशी बसला, वही ओढली आणि ज्या संघटनेनं चाचणी भरवली होती तिला पत्र लिहिलं. लाल कोपऱ्यातल्या मुलीचं मनगट दुखावलेलं नव्हतं. तिला दुसऱ्या फेरीत डोक्याला मार बसला होता आणि त्यानंतर ती लढायला नाही म्हणाली. मी डॉक्टरांना चुकीचं सांगितलं. तिची नोंद डोक्याच्या माराची करावी आणि नियमाप्रमाणं विश्रांती द्यावी. घाबरली असेल, आईसाठी केलं असेल, यातलं त्यानं काही लिहिलं नाही. लिहून झाल्यावर वाचलं, तर यातली निम्मी गोष्ट आपल्याला माहीतच नाही, असं त्याच्या लक्षात आलं. तरी त्यानं ते पाठवलं.

शहादेव अण्णांना कळलं तेव्हा ते गोदामात स्वतः आले. खोटं बोललात ते बोललात, म्हणाले, आता खरं कशाला सांगत बसलात? त्यांना खरोखर समजत नव्हतं. सोमेश्वरनं समजावून सांगायचा प्रयत्न केला आणि सांगता सांगता त्याचाच धागा सुटला. अण्णांनी गोदाम काही काढून घेतलं नाही, पण पोरांना त्यांच्याकडून मिळणारं अंडी-दूध थांबलं.

संघटनेचं उत्तर दहा दिवसांनी आलं. योगिताला एक महिना लढत बंद. सोमेश्वरला रिंगजवळच्या डॉक्टरांना चुकीची माहिती दिल्याबद्दल सहा महिने कोपऱ्यात उभं राहायला मनाई. तानाजीला ते फार लागलं. सोमेश्वरला मात्र त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली, आणि सकाळी उठल्यावर परत तेच प्रश्न तिथंच बसलेले होते.

महिना गेला, आणखी आठवडा गेला. योगिता आली नाही. विद्यापीठाची निवड होऊन गेली. कुणी म्हणालं ती अंबाजोगाईला युवराजकडं जाणार आहे, कुणी म्हणालं आश्रुबा आला की तिच्या लग्नाचं बघणार आहेत. सोमेश्वर वस्तीकडं गेला नाही. मनकर्णा एकदा सोमवारच्या बाजारात भेटली, तिनं त्याला पिशवीतून चार पेरू काढून दिले आणि पोरीबद्दल काहीच बोलली नाही. तो काही विचारायला धजला नाही.

मार्चमध्ये एका सकाळी तो गोदामाचं कुलूप काढायला आला, तर योगिता पायरीवर बसून हाताला पट्ट्या गुंडाळत होती. तिनं नमस्कार केला नाही. आत येऊन दोरीवरच्या उड्या सुरू केल्या. सोमेश्वर म्हणाला, पंधरा दिवस नुसत्या उड्या आणि पळणं, समोर कुणी नाही. ती बरं म्हणाली. मध्ये पाणी प्यायला थांबली तेव्हा तिनं विचारलं, युवराज सरांनी मला पहिल्या दिवशीच रिंगमध्ये उतरवलं असतं ना? सोमेश्वर म्हणाला, उतरवलं असतं. तिनं बाटलीचं टोपण लावलं आणि परत उड्या मारायला लागली. तिला आठवतंय का, हे त्यानं त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढंही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं काही ना काही उत्तर दिलं असतं. त्याचीच त्याला धास्ती होती.

एप्रिलच्या शेवटी बीडला जिल्ह्याच्या लढती आल्या. या वेळी सही सोमेश्वरनं केली. अंजनानं तिला दोनदा तपासलं, अंबाजोगाईच्या डॉक्टरांनाही दाखवून आणलं. पण कोपऱ्यात उभं राहायचं होतं तानाजीला. आदल्या दिवशी सोमेश्वरनं त्याला गोदामात समोर बसवलं आणि शिकवायला घेतलं. पाणी किती, टॉवेल कुठं, तिला एका वेळी एकच गोष्ट सांगायची. प्रत्येक फेरीनंतर डोळे बघायचे. वार इचारायचा, गाव इचारायचं, चुकली की थांबवायचं. आणि डॉक्टरपुढं जे झालंय तेच सांगायचं, मनानं काही नाही.

तानाजीनं सगळं वहीत लिहून घेतलं. मग त्यानं विचारलं, "आन ती म्हणली, मला जायचं न्हाई, तर?"

"तर जाऊ देऊ नको."

"घाबरून म्हणत असली तर?"

"तरी बी."

तानाजीनं ते लिहिलं. पेन थांबवून तो पुन्हा म्हणाला, "सोमा, उद्या तिनं म्हणलंच तसं, आन परवा येऊन मलाच इचारलं, कावून काढलं म्हणून, तर मी काय सांगू?"

पलीकडं योगिता पिशवीवर ठोसे मारत होती, डावा, उजवा, डावा, आणि गोदामाच्या पत्र्याखाली तो आवाज घुमत होता. तानाजी वही मांडीवर ठेवून वाट बघत होता. सोमेश्वरनं स्टूल ओढून त्याच्यापुढं ठेवलं. तो म्हणाला, ते राहू दे, आधी स्टूल किती झपाट्यानं आत सरकवतोस ते दाखव.